मधल्या फळीवर वाद घालताना या चुका टाळा

बेळगावात फुटबॉलचा सामना संपला तरी टिळकवाडीच्या लेले मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तो आणखी तासभर चालू राहतो. एकीकडे कोल्हापूरच्या तालमींचा फुटबॉल आणि दुसरीकडे चोर्ल्याचा घाट उतरला की गोव्याचा, अशा दोन परंपरांच्या मध्ये राहिल्यामुळे इथल्या प्रेक्षकाला दोन्हीकडची मते ऐकण्याची आणि त्यांत स्वतःचे तिसरे घालण्याची सवय आहे. वाद बहुधा मधल्या फळीवरूनच पेटतो. चहाचे ग्लास बाकड्यावर मांडून व्यूहरचना समजावली जाते. मागे एकदा अशाच मांडणीतला एक मध्यरक्षक कोणीतरी उचलून पिऊन टाकला आणि पाच मिनिटे ते कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण समजावणारा आणि ऐकणारे दोघेही ग्लासांकडे न पाहता एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. अनेक वर्षे या चर्चांत बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपले बहुतेक वाद खेळाविषयीचे नसून शब्दांविषयीचे आणि मिनिटांविषयीचे असतात.

शब्दाचा अर्थ न ठरवता भांडणे

कॅम्पातला एखादा जुना खेळाडू जेव्हा ‘आपला सेंटर हाफ कमी पडला’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मैदानाच्या मधोमध उभा राहून दोन्ही बाजूंना चेंडू वाटणारा माणूस असतो. वीस वर्षांचा मुलगा तोच शब्द मधल्या बचावपटूसाठी वापरतो, आणि मग दोघे दोन वेगळ्या खेळाडूंवर अर्धा तास बोलतात. यात चूक कोणाचीच नाही. जुन्या 2-3-5 रचनेत (मागे दोन बचावपटू, मध्ये तीन, पुढे पाच आघाडीवीर) मधल्या तिघांपैकी केंद्रस्थानी असणाऱ्याला सेंटर हाफ म्हणत. 1925 साली ऑफसाइडचा नियम बदलला, आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीनऐवजी दोनच खेळाडू असणे पुरेसे ठरले, गोल वाढले, आणि हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनलसारख्या संघांनी सेंटर हाफला मागे, दोन बचावपटूंच्या मध्ये नेऊन उभे केले. माणूस मागे गेला, नाव मात्र त्याच्यासोबत गेले. त्यामुळे वाद सुरू करण्यापूर्वी ‘कोणता सेंटर हाफ, सांग की’ एवढे विचारून घेतले, तर चहाचा एक फेरा वाचतो. ‘सहा नंबर’, ‘आठ नंबर’ आणि ‘दहा नंबर’ या शब्दांचेही तसेच आहे, कारण पाठीवरचा आकडा आणि मैदानावरचे काम हल्ली क्वचितच जुळतात.

मिनिट न सांगता रचना सांगणे

दूरचित्रवाणीवर सामन्याआधी दाखवलेली रचना ही केवळ हजेरीची यादी असते, आणि तिच्यावर आपण नको तितका विश्वास ठेवतो. 2022 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने 4-3-3 मांडून दी मारियाला डाव्या बाजूला ठेवले, परंतु चेंडू फ्रान्सकडे असताना तोच दी मारिया मागे येई, मेस्सी आणि अल्वारेझ पुढे राहत, आणि रचना 4-4-2 सारखी दिसे. एकाने ‘मध्ये तीन होते’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘चार होते’ म्हटले, तर दोघेही खरे बोलत असू शकतात. म्हणून प्रश्न नेहमी पूर्ण विचारावा: चेंडू कोणाकडे असताना, आणि कितव्या मिनिटाला?

दोन विरुद्ध तीन हा हिशेब अर्धवट मांडणे

ही चूक सर्वांत जास्त होते, आणि ती समजूतदार माणसांकडून होते, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. 4-4-2 खेळणाऱ्या संघाचे मध्यभागी दोन मध्यरक्षक असतात (उरलेले दोघे कडेला) आणि 4-3-3 खेळणाऱ्याचे तीन, तेव्हा तिसरा माणूस कायम मोकळा राहतो, हा मुद्दा बरोबर आहे. 2004-05 मध्ये मोरिन्होच्या चेल्सीने इंग्लंडमध्ये याचाच फायदा घेतला. मागे माकेलेले, त्याच्या पुढे लॅम्पार्ड आणि आणखी एक असा त्रिकोण करून त्यांनी 95 गुणांनी लीग जिंकली आणि पूर्ण मोसमात फक्त 15 गोल स्वीकारले. समोरच्या दोघांपैकी एक जण माकेलेलेवर धावून गेला की मागे लॅम्पार्ड सुटे, आणि कोणीच गेले नाही तर माकेलेलेला डोके वर करून पास शोधायला हवा तेवढा वेळ मिळे.

परंतु इथून पुढे आपले लोक उडी मारतात आणि ‘म्हणजे 4-4-2 संपले’ असा निकाल देतात. 2015-16 मध्ये लेस्टरने त्याच इंग्लंडमध्ये 4-4-2 खेळून विजेतेपद मिळवले. त्यांच्याही मध्यभागी कांते आणि ड्रिंकवॉटर असे दोघेच होते. फरक एवढाच की दोन आघाडीवीरांपैकी ओकाझाकी सतत मागे येऊन प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या मध्यरक्षकाला त्रास देई, बाजूचे खेळाडू आत सरकून मधली जागा आवळत, आणि कांते एकटाच दोन माणसांइतके मैदान झाकत असे. म्हणजे कागदावर दोन होते, पण चेंडूच्या आसपास मोजले तर चार भरत. तेव्हा ग्लास मांडताना आकडे मोजण्याऐवजी मोकळा माणूस कोण आणि त्याच्याकडे धावायचे कोणी, हे दाखवावे. ते दाखवता आले नाही, तर आपल्याला सामना समजलेला नाही असे खुशाल समजावे. माझी अशी अवस्था अनेकदा झाली आहे.

गोलाच्या रिप्लेवरून दोषी ठरवणे

रिप्लेमध्ये शेवटची चार सेकंदे दिसतात, पण चूक साधारणतः त्याच्या आधी घडलेली असते. चेंडू गमावला तेव्हा आपले किती जण चेंडूच्या मागे होते, हे पाहण्यासाठी चित्रण किमान पंधरा सेकंद मागे न्यावे लागते. 2021 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा प्रशिक्षक ग्वार्दिओलाने बचावफळीपुढे ढालीसारखे उभे राहणाऱ्या रॉद्री आणि फर्नांडिन्यो या दोघांनाही सुरुवातीला बाहेर ठेवले, सिटी चेल्सीकडून 1-0 हरली, आणि ‘ढाल नव्हती म्हणून हरले’ हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखे रूढ झाले. ते मला अर्धेच खरे वाटते. हावर्ट्झच्या गोलापूर्वी व्हेर्नरच्या धावेने बचावफळीत फट पडली आणि माउंटने त्या फटीतून पास दिला. मागे ढाल असती तर माउंटला वळायला इतकी मोकळीक मिळाली नसती असे म्हणता येते, परंतु त्या फटीचे काय करायचे, हा प्रश्न तरीही उरलाच असता.

चेंडूवरच्या ताब्याची टक्केवारी पुरावा म्हणून फेकणे ही याच जातीची चूक आहे. 2022 च्या विश्वचषकात स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले, गोल एकही झाला नाही, आणि शूटआऊटमध्ये त्यांना एकाही पेनल्टीवर गोल करता आला नाही. हे पास कुठे झाले, हे पाहावे. मोरोक्कोने मधल्या चौघा-पाचांची ओळ अशी घट्ट ठेवली होती की स्पेनचा चेंडू तिच्यासमोर आडवाच फिरत राहिला.

बदली खेळाडूंचा निर्णय निकालावरून जोखणे हेही टाळावे. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा प्रशिक्षक देशाँने 41 व्या मिनिटाला जिरू आणि देम्बेले या आघाडीवीरांना काढले, तेव्हा आमच्या घोळक्यात तो घाबरला असे एकमत झाले होते. 80 व्या आणि 81 व्या मिनिटाला एम्बापेने दोन गोल केल्यावर तोच निर्णय धाडसी ठरला. आणि शूटआऊटमध्ये फ्रान्स हरल्यावर पुन्हा चुकीचा! निर्णय घेतला त्या क्षणी प्रशिक्षकासमोर काय होते, एवढ्यावरच त्याचे मोल करावे.

शेवटची चूक खास आपल्या भागातली आहे. युरोपातला सामना रात्री साडेबाराला पाहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातली रचना आपल्या मैदानावर उतरवण्याचा मोह इथे फार जणांना होतो. खानापूरकडच्या पावसात आणि लाल मातीच्या चिखलात चेंडू दोन हातांवर अडतो, त्यामुळे मागून छोटे पास देत बाहेर पडणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आयता चेंडू देणे होय. शिवाय आपल्याकडचे बरेच सामने सातजणांचे असतात. गोलरक्षक सोडला तर सहाच उरतात, तेव्हा 4-3-3 मांडायचे कोठून? तिथे बहुधा 2-3-1 खेळले जाते, आणि मधल्या तिघांपैकी बाजूचे दोघे चेंडू गेल्यावर परत येतात की नाही, यावर सगळे अवलंबून असते. पहिल्या सत्रात ते येतात. दुसऱ्या सत्रात, चिखलाने बूट जड झाल्यावर, ते कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि आपण मात्र गाड्यावर येऊन रचना चुकली म्हणून भांडतो.