‘पाय’ वाचवायचा असेल तर: जुन्या सामानातून हातातला गेम बनवताना या चुका टाळा

“गेला, पाय गेला!” असं मी ओरडलो तेव्हा आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. टेबलावर रास्पबेरी पाय झीरो, म्हणजे एका छोट्या बोर्डवर मावणारा कॉम्प्युटर, पडला होता आणि त्याच्या मधल्या चिपमधून धुराची बारीक रेघ निघत होती. माझे दोन्ही पाय शाबूत आहेत हे बघून “मग बोंबलतोस कशाला” म्हणत ती पोळ्यांकडे परत गेली.

चूक इतकी साधी होती की अजून राग येतो. बॅटरीचे ३.७ व्होल्ट वाढवून ५ करणारं एमटी३६०८ चिपचं छोटं ‘बूस्ट’ मॉड्यूल मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलं, एका बाजूला बॅटरी जोडली आणि दुसरी बाजू थेट पायला. या मॉड्यूलवर निळ्या डबीसारखा पोटेन्शिओमीटर असतो, त्याचा पितळी स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवायचं असतं. नवं मॉड्यूल कुठल्या आकड्यावर सेट होऊन आलंय याचा काही भरवसा नाही, आणि ही चिप २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. धूर गेल्यावर मीटर लावला तर १९ दाखवत होता. पायला हवे असतात ५.

म्हणून आधी फक्त बॅटरी आणि मॉड्यूल जोडा, पुढे काहीही नको. मीटर लावून स्क्रू उलटा फिरवायला घ्या. सुरुवातीचे बरेच फेरे आकडा ढिम्म हलत नाही आणि माणूस ‘पीस खराब निघाला’ म्हणून दुकानात भांडायला जातो. फिरवत राहा, एकदा सुटला की झपाझप उतरतो. ५.१ वर आला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे धक्क्याने सरकत नाही.

त्यानंतर मी हातात धरून खेळायचे असे चार कन्सोल बनवले. कपाटात पडलेले पाय, मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या, लहानपणच्या टीव्ही गेमचे रिमोट, भंगारात निघालेला गाडीचा रिव्हर्स स्क्रीन, असलंच सगळं सामान. आता ओळखीतली मुलं आपापले बंद पडलेले डबे घेऊन येतात. प्रत्येकाची तक्रार एकच: “दादा, गेम हँग होतो.” आणि प्रत्येकाने आधी सॉफ्टवेअर तीनदा नव्याने टाकून बघितलेलं असतं. खोट बहुतेक वेळा विजेत असते.

‘दोन हजारची बॅटरी आहे, पाच तास चालेल’

नाही चालणार. बॅटरीवर लिहिलेले २००० एमएएच (मिलिअँपियर-तास) हे ३.७ व्होल्टचे आहेत. म्हणजे ७.४ वॉट-तास. त्यातले १५ टक्के बूस्ट मॉड्यूल उष्णतेत घालवतं असं धरा, उरले साधारण ६.३. ते ५ व्होल्टवर मोजले तर सव्वा अँपियर-तास होतात. पाय, स्क्रीन आणि स्पीकर मिळून ६०० मिलिअँपियर घेत असतील तर हातात दोन तास. तेही बॅटरी नवी असेल तर. कपाटातल्या मोबाइलची बॅटरी पाच वर्षांची असेल तर तासाभरात मान टाकेल.

स्क्रीन जितका मोठा आणि झगझगीत, तितकी वीज जास्त. १९८९ साली हातात धरायचे दोन कन्सोल आले. अटारी लिंक्स रंगीत, स्क्रीनच्या मागे दिवा, आणि सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत फस्त. निन्टेन्डोचा गेम बॉय राखाडी-हिरवा, दिवा नाही, चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा. गेम बॉयमागे असलेले गुनपेई योकोई म्हणायचे की जुनं झालेलं, स्वस्त, सगळ्या खाचाखोचा माहीत असलेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या जागी वापरा. लिंक्स मागे पडला, गेम बॉय राहिला. आपण तर भंगारच वापरतोय, तेव्हा ४.३ इंचावर भागत असेल तर ७ इंचाच्या मागे लागू नका.

विजेचं चिन्ह दिसत नाही, म्हणजे सगळं ठीक?

मोठ्या पायवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. झीरोच्या घराण्यात, म्हणजे झीरो, झीरो डब्ल्यू, झीरो २ डब्ल्यू, हे व्होल्टेज ओळखणारं सर्किटच नाही. चिन्ह कधीच येणार नाही. पाय नुसता गोंधळेल, अडकेल, परत सुरू होईल आणि तुम्ही गेमला शिव्या घालाल.

त्यामुळे मोजायचं ते मॉड्यूलवर नाही, पायच्या पिनांवर. आणि गेम चालू असताना, आवाज मोठा करून. मॉड्यूलकडे ५.१ आणि पायकडे ४.७ दिसलं तर मधली वायर बारीक आहे. जुन्या कॉम्प्युटरची ४० तारांची हार्डडिस्क केबल बटणांसाठी उत्तम, फुकटात पट्टी मिळते. पण तीच केस-बारीक तार बॅटरीला लावणारे मी पाहिलेत. बॅटरीपासून पायपर्यंत जाड, अनेक तारांची वायर घ्या आणि ती जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा.

चार्जिंगला लावून खेळणं

टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल स्वस्त आणि चांगलं आहे, पण त्याला एकच काम येतं. बॅटरीत जाणारा करंट एक दशांशावर आला की ‘भरली’ असं समजून ते थांबतं. तुम्ही त्याच वेळी खेळत असाल तर करंट खाली येतच नाही, आणि बॅटरी ४.२ व्होल्टवर ताणलेली राहते. यावर सोपा उपाय म्हणजे दोन बाजूंचा सरकता स्विच: एकीकडे चार्जिंग, दुसरीकडे खेळ. मुलं कुरकुर करतील, करू देत.

त्याच मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा छोटा रेझिस्टर असतो, तो चार्जिंग १ अँपियरवर ठरवतो. जुन्या कीपॅड फोनच्या ८००-९०० एमएएच बॅटरीला हे फार झालं. तिथे २ किलोओहम लावला की सुमारे ५८० मिलिअँपियर होतात. आणि मॉड्यूल घेताना फक्त बॅटरीची दोन टोकं असलेलं नको, ‘आउट’ची वेगळी टोकं असलेलं घ्या. त्यावर बॅटरी पार रिकामी होण्याआधी तोडणारी चिप असते.

फुगलेली बॅटरी? ती वापरायचीच नाही. “थोडीशीच फुगलीय” असं काही नसतं. टाचणी मारून हवा काढतो म्हणणारा एक महाभाग मला भेटलाय. त्याला मी हात जोडले.

स्क्रीन हळू, शिव्या पायला

२.८ इंचाचा एसपीआय स्क्रीन (एका तारेवरून एकेक बिट घेणारा) बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो, कारण तो पिनांवर सरळ बसतो. मग मारिओ धापा टाकत पळतो. गणित करून बघा. ३२० बाय २४० पिक्सेल, प्रत्येकाला १६ बिट, म्हणजे एका चित्राला १२ लाख २८ हजार ८०० बिट. सेकंदाला ६० चित्रं हवीत तर ७ कोटी ३७ लाख बिट. स्क्रीनची तार ३२ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर सेकंदाला ३ कोटी २० लाखच जातात. कितीही आदळआपट केली तरी २६ चित्रं. ४८० बाय ३२० च्या साडेतीन इंची स्क्रीनवर तर १३. फक्त बदललेले पिक्सेल पाठवणारे ड्रायव्हर मिळतात, ते टाकले की पुष्कळ फरक पडतो.

माझा जीव मात्र गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आहे. त्याला साधा कॉम्पोझिट व्हिडिओ, म्हणजे जुन्या टीव्हीला लागायचा तो सिग्नल, लागतो आणि तो पाय झीरोवर ‘टीव्ही’ लिहिलेल्या दोन भोकांतून निघतो. झीरो २ डब्ल्यूवर ही भोकं नाहीत, खालच्या बाजूला ठिपके आहेत, तिथे नाजूक हाताने सोल्डर करावं लागतं. स्क्रीनवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण आत बऱ्याचदा ते ५ किंवा त्याहूनही खाली उतरवतात. उघडून, मोजून, खात्री करूनच ५ द्यायचे. अंदाजाने तार लावली की काय होतं ते वर वाचलंतच.

बटणं

टीव्ही गेमच्या कॅसेटी गेल्या, पण रिमोट घरोघरी माळ्यावर आहेत. त्यातली रबरी बटणं आणि त्यांच्याखालची सर्किटची पट्टी सोन्यासारखी. चूक होते ती पट्टीवरच्या काळ्या गोल ठिपक्यांवर सोल्डर चढवायचा प्रयत्न करण्यात. ते कार्बन आहे, त्याला सोल्डर धरत नाही, उलट तापून ठिपका उडतो आणि ते बटण कायमचं मेलं. ठिपक्याच्या शेजारून जाणारी तांब्याची रेघ शोधा, तिच्यावरचा रंग ब्लेडने तांबूस चमकेपर्यंत खरवडा, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) लावा आणि तिथे पायच्या पिनेकडे जाणारी वायर टेकवा. मधल्या काळ्या डागाकडे, म्हणजे मूळ चिपकडे जाणाऱ्या रेघा कापून टाका, नाहीतर बटणं आपोआप दाबली जातात. बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणजे उणे बाजूला. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. बटणातून ५ व्होल्ट दिलेत तर ती पिन गेली, आणि कधीकधी तिच्यासोबत सगळंच.

जुन्या कीबोर्डचा आतला बोर्ड वापरणाऱ्यांची वेगळी गंमत. उडी, पळणं आणि गोळी एकदम दाबली की एक बटण दाद देत नाही. कीबोर्डात बटणं जाळीसारखी जोडलेली असतात, काही ठरावीक तीन एकत्र दाबली की त्याला कळत नाही. दुसऱ्या रांगेतली बटणं निवडून बघा.

आवाजाचं थोडक्यात: झीरोला हेडफोनचं भोक नाही. पीएएम८४०३ ॲम्प्लिफायर लावलात तर स्पीकरची उणे तार ग्राउंडला जोडू नका, तिथेही सिग्नल असतो. गुणगुण येत असेल तर ॲम्प्लिफायरची ग्राउंड वायर वेगळी, थेट बूस्ट मॉड्यूलपासून आणा.

मेमरी कार्ड स्टेशनबाहेरच्या पथारीवरून घेतलंत तर आधी पूर्ण भरून तपासा. आणि स्विच खटकन बंद करायची सवय सोडा, कार्ड त्यानेच खराब होतं. बंद करायचं एक वेगळं बटण ठेवा.

डबा घाईने बंद करणं

मुंबईत ही चूक दुप्पट महाग पडते. फ्लक्स पुसला नाही तर पावसाळ्यात तो ओल धरतो आणि जोडांवर हिरवा गंज दिसू लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश, पाच मिनिटांचं काम. पीएलए प्लॅस्टिकचा थ्रीडी प्रिंटेड डबा ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवलात तर तो केळ्यासारखा वाकून हातात येतो.

भाचीचा कन्सोल घरी दोन आठवडे मस्त चालला. हार्बर लाइनवर कुर्ल्याच्या पुढे गाडीने गचका दिला की परत सुरू व्हायचा. तिचा फोन: “मामा, तुझा गेम स्टेशन आलं की झोपतो.” दोष होता बॅटरीच्या खोक्यातल्या स्प्रिंगचा. गचक्याने क्षणभर संपर्क सुटायचा. ५ व्होल्टच्या रेषेवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तेव्हा थोडं कमी झालं. नंतर खोकं फेकून निकेलची पट्टी वेल्ड केलेला सेल बसवला, तेव्हा कुठे थांबलं. सेलला थेट सोल्डरिंग आयर्नचा चटका देऊ नका, आतून बिघडतो. पट्टी वेल्ड करून देणारे लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत भेटतात.

तो डबा अजून चारपैकी दोनच स्क्रूंवर आहे. उरलेले दोन माझ्या टेबलाच्या खणात, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत.