अख्खा मासा कोळशावर भाजताय? या चुका टाळा

कोळशावर अख्खा मासा भाजणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: कातडी जाळीला चिकटली, उलटताना मासा फाटला, ताटात आला तो चुरा. मग दोष जाळीला जातो. नवी जाळी आणली तरी तेच होतं, कारण खरी गडबड माशावर राहिलेल्या पाण्याची असते.

ओला मासा तापलेल्या जाळीवर पडला की सगळी आच आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. पाणी आहे तोवर कातडी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला १४० अंशांच्या आसपास तरी पोचावं लागतं. तेवढ्या वेळात कातडी वाफेवर शिजून लिबलिबीत होते आणि तिच्यातली प्रथिनं लोखंडाला घट्ट धरतात.

म्हणून धुतलेला मासा बाहेरून टिपा, पोटातून टिपा, कल्ले काढलेल्या पोकळीतही कापड फिरवा. कल्ले मात्र काढायलाच हवेत. ठेवले तर कडवटपणा येतो. पोटात मणक्याला लागून रक्ताची गडद रेघ असते, तीही नखानं खरवडून काढा. मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की माशावर पाण्याचे थेंब दिसू लागतात. इथेच पुष्कळ जण फसतात, कारण टिपायचं काम आधीच झालं असं वाटतं. पुन्हा टिपा. वेळ असेल तर तासभर फ्रिजमध्ये न झाकता ठेवा. बोट फिरवल्यावर कातडी कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. मग तेलाचा अगदी पातळ हात. तेल जास्त झालं की निखाऱ्यावर गळतं, भडका उडतो आणि माशावर काजळी बसते.

दुसरी चूक घाईची. ज्वाळा दिसल्या की मासा चढवायचा मोह होतो. तो आवरा. कोळसा पेटल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटं द्या. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढुरक्या राखेचा थर आला पाहिजे. लवकर पेटावा म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. पेट्रोलचा भडका जिवावर बेततो आणि रॉकेलचा वास माशात उतरतो. जाळीच्या वर दहा-बारा सेंटिमीटरवर तळहात धरा. तीन-चार सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर आच बरोबर आहे. जाळीही तितकीच तापलेली आणि घासून स्वच्छ हवी, कारण मागच्या वेळचं जळकं चिकटलेलं असेल तिथे नवा मासा हमखास धरतो.

निखारे सगळ्या शेगडीभर पसरू नका. एका बाजूला ढीग करा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. बांगड्यासारख्या तेलकट माशाची चरबी गळून जाळ उठला, तर तेवढ्यापुरता सरकवायला ही मोकळी जागा लागतेच.

सारखा हलवणं

हा मोह सगळ्यात वाईट. मासा ठेवल्यावर पाच-सहा मिनिटं हात लावू नका. मग डोक्याकडची कड चिमट्यानं हलकेच उचलून बघा. सुटत नसेल तर ओढू नका, आणखी मिनिटभर थांबा. कातडी कुरकुरीत झाली की जाळी तिला आपोआप सोडते. उलथणं सळयांच्या दिशेनं आत सरकवा आणि मासा पाठीच्या कण्यावरून कलता करा. पोट वरच्या बाजूला राहतं, म्हणून आत भरलेलं सांडत नाही आणि पोटाची नाजूक कडही फाटत नाही. उलटायचा तो एकदाच. दुपाखी जाळीत मासा अडकवला तर हे काम फार सोपं होतं, पण तीही आधी तापवून तेल लावलेली हवी.

बाहेर जळला, आत कच्चा

याची कारणं दोन-तीन असतात. मासा फार मोठा असतो, चिरा उथळ असतात किंवा आत बर्फ उरलेला असतो. मी एकदा फ्रीझरमधला मासा वरून मऊ लागला म्हणून जाळीवर चढवला. कातडी काळी पडली तरी मणक्याजवळचं मांस गुलाबी आणि गारच होतं. गोठलेला मासा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, ओट्यावर नाही. बांगडा, तारली, ट्यूना असे मासे उबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते कितीही भाजलं तरी जात नाही.

हात बसेपर्यंत अर्ध्या किलोच्या आसपासचा मासा घ्या. पाठीच्या जाड भागावर दोन-तीन सेंटिमीटर अंतरानं तिरप्या चिरा द्या, सुरी काट्याला टेकेपर्यंत. पोटाकडे चिरू नका, तिथे मांस पातळ असतं. तरीही कच्चा राहिलाच तर निखाऱ्यांवरून मोकळ्या बाजूला घ्या, वर पातेलं पालथं घाला आणि पाच मिनिटांनी बघा. शेपूट आधी जळते, तिला फॉइल गुंडाळा. लिंबाच्या रसात मासा तासन्‌तास बुडवू नका. आंबटपणानं मांस पांढरं पडतं आणि भाजल्यावर भुसभुशीत होतं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. साखर किंवा मध लावायचा तर शेवटच्या दोन मिनिटांत.

झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. अडीच सेंटिमीटर जाडीला एकूण दहा मिनिटं हा हिशोब फक्त तपासायला कधी लागायचं एवढ्यापुरता धरा. पाठीवरचा पर चिमटीत धरून ओढा; सहज हातात आला तर मासा शिजला. अडून बसला तर अजून वेळ आहे. मग डोक्यामागच्या सगळ्यात जाड जागी काडी घालून मांस काट्यापासून उचलून बघा. काचेसारखी झाक जाऊन पाकळ्या सुटायला हव्यात. थर्मामीटर असेल तर तिथे ६३ अंश दिसले की उतरवा. याच्या पुढे पाचेक मिनिटं जास्त झाली तरी रस आटतो. माशाच्या मांसाला धरून ठेवणारे धागे मटणापेक्षा फार कमी आणि कमकुवत असतात, म्हणून शिजलेला मासा उतरवताना डोकं आणि शेपूट दोन्हीकडून आधार द्या.

आणि हे सगळं उघड्यावरच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. विझत आलेली शेगडीसुद्धा घरात आणू नका. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा आणि पूर्ण गार झाल्यावरच टाका.