फोनची बॅटरी: टक्क्यांकडे लक्ष, तापण्याकडे दुर्लक्ष

बॅटरीबद्दलच्या तक्रारी मुळात दोनच आहेत. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन संध्याकाळपर्यंत पुरत नाही, ही एक. दीड-दोन वर्षांत बॅटरी बसली, ही दुसरी. दोन्ही एकत्र कालवल्या की उपायांचाही गोंधळ होतो, कारण पहिलीवरचा उपाय कधीकधी दुसरीला बाधतो. रोज १०० टक्के चार्ज केलं तर दिवस निभावतो, पण बॅटरी थोडी लवकर म्हातारी होते. ८० टक्क्यांवर थांबलं तर बॅटरी जास्त काळ साथ देते, पण रात्र व्हायच्या आत चार्जर शोधावा लागतो. आपल्याला यातलं काय हवंय, ते आधी ठरवावं. जो माणूस दोन वर्षांत फोन बदलणारच आहे, त्याने ८० टक्क्यांचं व्रत घेण्यात फारसा अर्थ नाही.

न मोजताच उपाय सुरू करणं

चार्जिंग भराभर उतरायला लागलं की लोक एका झटक्यात लोकेशन बंद करतात, ब्लूटूथ बंद करतात, सिंक बंद करतात. मग नकाशा चालत नाही, घड्याळ जोडलं जात नाही, मेल येत नाहीत, आणि बॅटरी मात्र तशीच उतरत राहते. ब्लूटूथ नुसतं चालू ठेवण्याला आताच्या फोनमध्ये फारच थोडी वीज लागते. तिथे हात घालून हाती काही लागत नाही.

सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले ते दिसतं. तिथे पहिल्या क्रमांकावर कोण आहे एवढंच बघून चालत नाही. तुम्ही दोन तास व्हिडिओ बघितले असतील तर व्हिडिओचं ॲप वर असणारच, तो काही बिघाड नव्हे. संशय घ्यायचा तो अशा ॲपचा, जे तुम्ही दिवसभरात जेमतेम पाच मिनिटं उघडलं आणि तरी बॅकग्राउंडमध्ये तासन्तास चालू दिसतं. त्याची बॅकग्राउंडची परवानगी काढा, त्याचं लोकेशन ‘वापरताना फक्त’ असं करा, आणि दोन दिवस बघा. एका वेळी एकच बदल करावा. पाच बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला रात्रीची चाचणी चांगली. झोपताना टक्के बघून ठेवा आणि फोन चार्जिंगला न लावता बाजूला ठेवा. सकाळपर्यंत दोन-चार टक्के उतरले तर त्यात वावगं काही नाही. पंधरा-वीस उतरले तर कोणीतरी रात्रभर जागं होतं. दुसऱ्या रात्री हीच चाचणी फ्लाइट मोडवर घ्या. उतरणं थांबलं तर गडबड नेटवर्कची किंवा नेटवर्कवर सारखं काहीतरी पाठवणाऱ्या ॲपची आहे. तरीही उतरलं तर फोनच्या आतच काहीतरी अडकलेलं आहे, नाहीतर बॅटरीच थकली आहे.

मोठं सिस्टीम अपडेट नुकतंच झालं असेल तर मात्र ही चाचणी लगेच घेऊ नका. अपडेटनंतर फोन फोटो, फाइली आणि ॲप नव्याने मांडत बसतो. त्यात एक-दोन दिवस बॅटरी जास्त जाते आणि मग आपोआप ठिकाणावर येते.

कमी रेंजचा विचारच न करणं

स्क्रीनच्या खालोखाल बॅटरी खाणारी गोष्ट म्हणजे बहुतेकदा कमजोर रेंज, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. टॉवर लांब असला किंवा मध्ये जाड भिंती असल्या की फोन आपला सिग्नल पोचवण्यासाठी जास्त ताकद लावतो, आणि रेंज तुटली की पुन्हापुन्हा टॉवर शोधत राहतो. तळघरात किंवा लांबच्या प्रवासात फोन खिशातच असूनही निम्मा रिकामा होतो, तो यामुळे. घरात वायफाय चांगलं असेल तर त्यावर राहा, शक्य असेल तर कॉलही वायफायवरून घ्या. जिथे फाइव्ह-जीची रेंज येते-जाते तिथे फोर-जीवर ठेवलेलं बरं. आणि जिथे रेंज नाहीच, तिथे फ्लाइट मोड. फोन लागणार नाही, पण तो तसाही लागत नव्हता.

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नको’

हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरल्या तर काही परिस्थितीत त्यांची क्षमता घटल्यासारखी वाटायची. तुमच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे. ती सोनीने १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचा स्वभाव उलटा आहे. दोन्ही टोकं तिला सोसत नाहीत: तळ गाठणंही नाही आणि काठोकाठ भरून तासन्तास राहणंही नाही. नवा फोन आणल्यावर ‘आधी आठ तास चार्ज करा’ हाही त्याच जमान्यातला उरलेला नियम.

आत काय घडतं ते थोडक्यात. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एका बाजूकडून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात. ग्रॅफाइटवर एक पातळ थर तयार झालेला असतो. तो गरजेचा असतो, पण काळ जातो तसा जाड होतो आणि त्यात थोडंथोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना आतला व्होल्टेज सर्वांत जास्त असतो, आणि तेव्हा ही झीज वेगाने होते. ताणून ठेवलेल्या रबरासारखीच तिची गत. आणि त्यात उष्णता मिळाली की वेग आणखी वाढतो.

म्हणून २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहणं तिला मानवतं. दिवसातून दोन-तीनदा थोडंथोडं चार्ज केल्याने ‘सायकल’ वाया जातात, ही भीतीही निराधार आहे. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के भरले तर दोन दिवसांत मिळून एक सायकल होते. प्लग किती वेळा लावला याचा तिथे हिशेब नसतो. ॲपलने आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं म्हटलं होतं, आयफोन १५ पासून तो आकडा १००० आहे. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीला ८०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखण्याची अटच घातली आहे. रोज एक सायकल धरली तर ८०० म्हणजे दोन वर्षांहून थोडं जास्त. त्यानंतर बॅटरी मरत नाही, कमी पुरते.

रात्रभर चार्जिंग: भीती चुकीच्या गोष्टीची

रात्रभर लावलेला फोन ‘ओव्हरचार्ज’ होऊन खराब होत नाही. भरला की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. खरा तोटा दोन गोष्टींत आहे. एक, रात्री दोनला भरलेली बॅटरी सकाळी सातपर्यंत काठोकाठ भरलेल्या अवस्थेत पडून राहते. दोन, लोक फोन उशीखाली किंवा पांघरुणात ठेवतात आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. दुसरी गोष्ट धोक्याचीही आहे, तेव्हा ती आजच बंद करा.

पहिलीवर तोडगा फोनमध्येच आहे. आयफोनमध्ये आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, तुमच्या सवयी बघून ८० टक्क्यांवर थांबायचं आणि उठायच्या सुमारास उरलेलं भरायचं अशी सोय आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही तशीच सोय किंवा ८० टक्क्यांची थेट मर्यादा मिळते. ती एकदा चालू करून विसरून जायचं. रात्री उठून प्लग काढणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही, झोप बॅटरीपेक्षा महाग आहे.

फोन तापतोय आणि आपण वापरतोच आहोत

बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू एकच निवडायचा झाला तर तो ताप. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या वातावरणात वापरावा आणि ३५ अंशांपुढे बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं, असं ॲपल सांगतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हा आकडा सहज ओलांडला जातो. डॅशबोर्डवर उन्हात नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजळ, मोबाइल डेटा चालू आणि वर चार्जिंगही: बॅटरीसाठी याहून वाईट एकत्र योग दुसरा नाही. फोन एसीच्या झोतासमोर लावला तरी बराच फरक पडतो.

घरातली तशीच चूक म्हणजे चार्जिंगला लावून गेम खेळणं किंवा लांबलचक व्हिडिओ कॉल करणं. प्रोसेसर तापतो, चार्जिंगमुळे बॅटरी तापते आणि जाड कव्हर ती उष्णता आत कोंडून ठेवतं. हाताला नकोसा गरम लागला तर कव्हर काढा, प्लग काढा, दहा मिनिटं सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. आत दव धरलं तर बॅटरी वाचवायला जाऊन फोन गमवाल. खूप तापल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो किंवा स्क्रीन मंद करतो. बरेच जण त्याला बिघाड समजून चार्जर बदलत बसतात.

वायरलेस चार्जिंग सोयीचं आहे, पण त्यात काही वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि फोन पॅडवर थोडा तिरका ठेवला तर आणखीच. फास्ट चार्जिंगची जेवढी बदनामी आहे तेवढं ते वाईट नाही. वेग फोन ठरवतो, चार्जर नव्हे. सुरुवातीला तो भरपूर करंट घेतो आणि वरच्या टप्प्यात हात आखडतो. शेवटचे २० टक्के एवढे रेंगाळतात ते यामुळेच. घाईत असाल तर पहिल्या अर्ध्या तासात मिळतं तेवढं घेऊन निघा. घाई नसताना साधा चार्जर पुरतो.

थंडीची गोष्ट वेगळी. गारठ्यात टक्के भराभर उतरतात ते तात्पुरतं असतं, ऊब मिळाली की बॅटरी सावरते. पण शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ग्रॅफाइटवर धातुरूप लिथियम साचू शकतं आणि ते नुकसान भरून येत नाही. गोठलेला फोन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

ॲप पुसत बसण्याची सवय

दर तासाला अलीकडची सगळी ॲप वर सरकवून उडवणं हा हाताचा चाळा झाला आहे. २०१६ मध्ये ॲपलचे क्रेग फेडेरिगी यांनी एका वापरकर्त्याच्या ईमेलला उत्तर देताना बॅटरीसाठी असं करण्याची गरज नसल्याचं सांगितलं, आणि तेव्हा अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमारास तेच म्हटलं. त्या यादीतली बहुतेक ॲप गोठवलेली असतात. ती उडवून पुन्हा पहिल्यापासून उघडताना उलट जास्त वीज लागते. अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ नावाची सोय पडून असलेल्या फोनमधल्या ॲपना झोपवतेच. अडकून बसलेलं एखादं ॲप तेवढं सक्तीने बंद करा.

‘बॅटरी सेव्हर’ किंवा ‘क्लीनर’ म्हणवणारी ॲप तर काढूनच टाका. ती स्वतः कायम जागी राहतात आणि बऱ्याचदा जाहिराती दाखवतात. एक उलटी तक्रारही इथेच येते: मेसेज उशिरा येतात, अलार्म वाजत नाही, पावलं मोजली जात नाहीत. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात कामाच्या ॲपनाही झोपवतात. त्या एक-दोन ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलं की प्रश्न मिटतो.

डार्क मोडबद्दल थोडंसं: ओलेड स्क्रीनमध्ये काळा पिक्सेल बंद असतो, त्यामुळे फायदा खरा आहे. एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो, म्हणून तिथे जवळजवळ काही नाही. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर सरासरी फक्त ३ ते ९ टक्के वीज वाचली, पूर्ण ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७ टक्के. तेव्हा आधी ब्राइटनेस उतरवा, डार्क मोड नंतर.

२५ टक्के असताना फोन बंद पडतो

जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला आतला अडथळा, वाढलेला असतो. कॅमेरा उघडला किंवा गेम सुरू केला की एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज कोसळतो आणि फोन बंद. यासाठीच ॲपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी केला होता. ते डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केल्यावर बराच गदारोळ झाला. एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने टक्क्यांचा अंदाज सुधारू शकतो, पण गेलेली क्षमता परत येत नाही. सेटिंग्जमध्ये बॅटरीची प्रकृती ८० टक्क्यांखाली दिसत असेल आणि फोन बाकी ठीक असेल तर बॅटरी बदला.

चार्जच होत नसेल तर आधी केबल बदलून बघा, मग चार्जर, मग फोनचं पोर्ट. खिशातल्या धाग्यांचा गोळा तिथे दाबून बसलेला असतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी काडीने अलगद काढा. सेफ्टी पिन किंवा सुई घालू नका. पोर्टमध्ये ओल असल्याचा इशारा आला तर वाळू द्या.

बॅटरी फुगली तर मात्र प्रयोग बंद. मागचं झाकण उचललं गेलं, स्क्रीनची कड वर आली, सपाट टेबलावर फोन डगमगू लागला, तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका. फोन बंद करून जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका.

अडीअडचणीला म्हणून जुना फोन ठेवायचा असेल तर तो १०० टक्के भरून कपाटात टाकू नका आणि पूर्ण उतरलेलाही ठेवू नका. निम्मा चार्ज करून बंद करा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, आणि सहा महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यापर्यंत भरा.