कोअर फ्लडिंग करताना आधी नळ्या मोजा

कोअर फ्लडिंग म्हणजे तेलसाठ्यातल्या खडकाच्या दंडगोल तुकड्यातून (कोअर) द्रव सोडून किती तेल निघतं ते पाहणं. चाचणी पॉलिमरची (पाणी दाट करणारं रसायन) असो वा सर्फॅक्टंटची (तेल सुटं करणारं साबणासारखं रसायन), मी सुरुवात नळ्यांपासून करतो. पंपापासून मोजनळीपर्यंत किती द्रव मावतो ते आधी मोजा. 3.8 सेंमी व्यासाच्या, 7.6 सेंमी लांब कोअरची सच्छिद्रता 20 टक्के असेल तर आतली पोकळी जेमतेम 17 मिली. नळ्यांतले 2 मिली विसरलात की हिशेब 12 टक्क्यांनी चुकला. मी एकदा विसरलो होतो. बाहेरच्या नळीतलं तेल कोअरचंच समजून दोन दिवस खुशीत होतो!

मग कोअर टोल्युइन आणि मिथेनॉलने धुवा, वाळवा, वजन करा. निर्वातात खारं पाणी भरून पुन्हा वजन करा. फरकाला पाण्याच्या घनतेने भागलं की पोकळी मिळते. पार्यता, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो ते, मोजून घ्या. आता पाणी यायचं थांबेपर्यंत तेल सोडा आणि जमिनीखालच्या तेलसाठ्याच्या तापमानाला काही आठवडे मुरू द्या. इथे घाई केली तर खडक पाणीप्रेमीच राहतो, म्हणजे त्याला तेलाऐवजी पाणीच चिकटतं.

पाणी मिनिटाला 0.05 मिलीने सोडा. म्हणजे पाणी खडकात दिवसाला साधारण एक फूट सरकतं. कोअरभोवतीच्या रबरी बाहीवरचा दाब कायम द्रव आत सोडण्याच्या दाबापेक्षा जास्त हवा, नाहीतर द्रव कडेने निसटतो. बाहेर 99 टक्के पाणी येऊ लागलं की मगच रसायन.

सर्फॅक्टंट असेल तर मोजनळीत तेल-पाण्याची सीमा धूसर, तपकिरी फेसासारखी दिसते. तो आकडा लिहू नका. नळी कोमट ठेवा, रात्रभर थांबा, सकाळी वाचा.