वित्तीय संशोधनासाठी संख्याशास्त्र कसे शिकावे

शेअर बाजारावर संशोधन करू इच्छिणारे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी संख्याशास्त्राचे पुस्तक पहिल्या पानापासून उघडतात आणि पुष्कळदा संभाव्यतेच्या प्रकरणातच थकतात. त्यापेक्षा एक नेमका प्रश्न हाती घ्यावा आणि तो सोडवताना जी पद्धत लागेल ती तेव्हाच शिकावी. उदाहरणार्थ, २० सप्टेंबर २०१९ रोजी, बाजार सुरू असतानाच, केंद्र सरकारने सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले आणि सेन्सेक्स १,९०० हून अधिक अंकांनी वधारला. या घोषणेचा लाभ कोणत्या कंपन्यांना अधिक झाला?

प्रथम आकडे गोळा करावेत. मुंबईतील दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर जुने दैनिक भाव विनामूल्य मिळतात, मात्र ते जसेच्या तसे वापरू नयेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक मोफत शेअर) दिला, तेव्हा भाव जवळपास निम्मा झाला. भागधारकाचे नुकसान मात्र झाले नव्हते. अशा बदलांसाठी भाव समायोजित केलेले असावेत. कंपन्यांची यादीही त्या दिवसाचीच घ्यावी, कारण निफ्टीतील पन्नास कंपन्यांची आजची यादी मागे नेल्यास येस बँकेसारख्या, २०२० मध्ये निर्देशांकातून वगळलेल्या कंपन्या गळतात आणि टिकून राहिलेल्यांचेच चित्र उरते.

नंतर भावांचे रूपांतर दैनिक परताव्यात करावे. वर्षानुवर्षे भटकत जाणाऱ्या दोन मालिकांचे एकमेकींवर रिग्रेशन केले, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज देणारी सरळ रेषा काढली, तर काहीही संबंध नसताना तो भक्कम दिसतो, हे अर्थमितितज्ज्ञ ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवले होते.

पुढची पायरी बाजार-प्रारूपाची. घोषणेच्या काही आठवडे आधी संपणाऱ्या सुमारे २०० दिवसांत प्रत्येक कंपनीच्या परताव्याचे निफ्टीच्या परताव्यावर रिग्रेशन करावे. कोणता शेअर बाजारापेक्षा अधिक उसळतो हे दलाल स्ट्रीटवरचा जुना दलाल बीटा हा शब्द न उच्चारताही सांगेल. रिग्रेशन त्या अंदाजाला आकडा देते आणि तो आकडा किती डळमळीत आहे हेही सांगते. प्रारूपाने सांगितलेला परतावा प्रत्यक्ष परताव्यातून वजा केला की घोषणेच्या दिवसाचा असाधारण परतावा मिळतो.

येथे थांबून विचार करावा लागतो. ही बातमी साऱ्या बाजाराची होती, त्यामुळे तिचा मोठा भाग निफ्टीच्या उसळीतच सामावला गेला आहे. असाधारण परताव्यातून घोषणेचा एकूण परिणाम कळणार नाही. कंपन्या-कंपन्यांतील फरक तेवढा कळेल. म्हणून २०१८-१९ च्या वार्षिक अहवालांतून प्रत्येक कंपनीने करपूर्व नफ्याच्या किती टक्के कर भरला ते काढावे आणि असाधारण परताव्याचे त्या टक्केवारीवर रिग्रेशन करावे. ज्यांचा करभार आधीच कमी होता त्यांना लाभ कमी झाला असेल, तर उतार धन येईल.

त्या उताराची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो उतार किती डळमळीत आहे याचे माप, हा माझ्या मते या साऱ्या शिक्षणाचा गाभा आहे, आणि नवशिक्या नेमका तोच भाग संगणकावर सोपवून मोकळा होतो. सर्व परतावे एकाच दिवसाचे आहेत. बँकांचे शेअर एकत्र चढतात, औषध कंपन्यांचेही तसेच. पन्नास कंपन्या म्हणजे पन्नास स्वतंत्र साक्षी नव्हेत. प्रमाण त्रुटीची व्हाइट यांची १९८० ची दुरुस्ती विचरण (आकड्यांचा विखुरलेपणा) असमान असेल तेव्हा उपयोगी पडते, न्यूई-वेस्ट यांची १९८७ ची कालक्रमातील सहसंबंधासाठी आहे. कंपन्यांमधील सहसंबंध यांपैकी कोणतीच दूर करत नाही. सोपा उपाय असा की, हेच रिग्रेशन आधीच्या त्या प्रत्येक साध्या दिवसासाठी चालवावे आणि २० सप्टेंबरचा उतार त्या साऱ्या उतारांत कुठे बसतो ते पाहावे. एका कंपनीपुरती स्प्रेडशीट चालते. एवढ्या फेऱ्यांसाठी मात्र आर किंवा पायथन ही संगणकभाषा शिकावी, दोन्ही विनामूल्य आहेत.

पुढचा प्रश्न निवडताना तारीख तपासावी. नोटाबंदीची घोषणा ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री झाली, म्हणून बाजाराची प्रतिक्रिया ९ तारखेला शोधावी लागते. त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकालही बाजारात पोहोचत होता आणि केवळ दैनिक भावांच्या आधारे या दोन बातम्यांचे एकूण परिणाम वेगळे करता येत नाहीत. रोखीवर अधिक अवलंबून असलेल्या कंपन्यांची इतरांशी तुलना केली, तर थोडी वाट निघते. तीही अमेरिकेला निर्यात करणाऱ्या कंपन्या बाजूला ठेवूनच.