नायट्रिक ऑक्साइड वाढवायचे? सुरुवात पालेभाजीपासून करा

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सतत तयार करतात. तो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात वाहिनीभोवतीचा स्नायू सैल होतो, रक्ताला वाट मोकळी मिळते आणि रक्तदाब उतरतो. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळाले. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळीही याच वायूमार्फत काम करते. वाढते वय, मधुमेह आणि तंबाखू यांनी अस्तर दुबळे होते. मग उपयोगी पडते ती दुसरी वाट, जेवणातून जाणारी.

१. पालक, माठ, मुळा, बीट यांपैकी एक तरी भाजी रोज ताटात घ्या. यांत नायट्रेट, म्हणजे या वायूचा कच्चा माल, भरपूर असते. ते पाण्यात उतरते, म्हणून भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका. पालकाची पातळ भाजी करा, बीट किसून लिंबू पिळून कोशिंबीर करा. शिजवलेली पालेभाजी तासन्‌तास ओट्यावर मात्र ठेवू नका. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका.

२. तोंडातल्या जिवाणूंना जपा. ही पायरी सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. पोटातून रक्तात गेलेले नायट्रेट लाळेतून परत तोंडात येते. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि ते गिळल्यावर पोटात व रक्तात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. जंतुनाशक माउथवॉशने हे जिवाणू मरतात आणि साखळी तिथेच तुटते. दंतवैद्याने दिला असेल तर सांगितले तेवढे दिवस जरूर वापरा. एरवी ब्रश आणि साध्या पाण्याच्या चुळा पुरेत.

३. रोज अर्धा तास भरभर चाला. वेगाने वाहणारे रक्त अस्तराला घासून जाते, तोच पेशींना वायू सोडण्याचा इशारा असतो.

४. श्वास नाकाने घ्या. नाकाशेजारच्या पोकळ्यांतही हा वायू बनतो आणि भ्रामरीसारखा गुंजारव केला की नाकातले त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. तो श्वासाबरोबर फुफ्फुसांत जातो. त्याने रक्तदाब बरा होईल अशी अपेक्षा धरू नका.

मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पालक-बीट किती खावे ते आधी डॉक्टरांना विचारा. सॉर्बिट्रेटसारख्या गोळ्या चालू असतील तर लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी औषधे अजिबात घेऊ नका, रक्तदाब धोकादायक खाली जातो. बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. रोज ठरावीक वेळी रक्तदाब मोजा, वहीत लिहा आणि ती वही पुढच्या तपासणीला सोबत न्या. डोस कमी करायचा का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील.