'गेट'च्या नादी लागण्याआधी

इथे परदेशात येऊन मला तिसरा आठवडा लागला होता. कामावरच्या साहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, "हाऊ आर यू गेटिंग ऑन?" 'गेट ऑन' म्हणजे गाडीत चढणं, हे शाळेपासून पाठ. मी सांगून टाकलं, "आधी बस, मग ट्रेन, सर." ते दोन पायऱ्या चढले, थांबले, "लव्हली" म्हणाले आणि गेले. त्यांनी विचारलं होतं, कसं काय चाललंय, जमतंय ना?

नवीन आलेली मंडळी मला घर, बँक, फोन असलं सगळं विचारतात. ते कुणीही सांगेल. मी आधी 'गेट' (get) या इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलतो, कारण परीक्षेत उत्तम गुण मिळवून आलेली माणसंसुद्धा या तीन अक्षरांना ठेचकाळतात. त्यात त्यांचा दोष नाही. आपलं इंग्रजी कचेरीच्या आणि परीक्षेच्या दारातून आलं. रिसीव्ह, ऑब्टेन, परचेस, अराइव्ह हे आपले ओळखीचे शब्द. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालयात जी फ्रेंच बसली, तिच्याकडून इंग्रजीत आलेले. 'गेट' मात्र उत्तरेकडून येऊन इंग्लंडात वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या 'गेटा'वरून आला आणि घरात, शेतात, रस्त्यावर वाढला. वरच्या चारही शब्दांचं काम बोलताना तो एकटा उरकतो.

शब्दकोशात अर्थ मोजत बसू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले. म्हणून ते कुणी पाठ केले नाहीत. आणि आपण कुठे 'लागणे' पाठ केलं होतं? भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, दार लागतं, वेळ लागतो, मूल बोलायला लागतं, नको असताना जावं लागतं. 'मला गाडी लागते' या वाक्यात माणसाला गाडीची गरज आहे की प्रवासात उलट्या होतात, हे आपल्याला मागचंपुढचं ऐकून बरोबर कळतं. 'गेट'लाही तीच युक्ती लावा. 'लागणे' समजायला आपण शेजारचा शब्द बघतो; 'गेट'च्या वेळी त्याच्या पुढे काय आलं ते ऐका.

पुढे वस्तू आली तर मिळणं, आणणं, घेणं. 'टायर्ड', 'कोल्ड', 'लेट' असं काही आलं तर होणं: दमलो, गार झालं, उशीर झाला. जागा आली तर पोचणं. 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे डोक्यात शिरलं नाही. फोन वाजल्यावर कुणी 'आय विल गेट इट' म्हणालं तर तो उचलणार आहे; बिल आल्यावर म्हणालं तर पैसे तो देणार आहे.

आता जिथे आपण हमखास पडतो ती जागा. मराठीत 'मी काल केस कापले' म्हटलं तर कुणी दचकत नाही. कापणारा दुसराच होता, हे सगळ्यांना ठाऊक. तेच इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हणून सांगितलंत, की समोरच्याला आरशासमोर कात्री घेतलेले तुम्ही दिसता. मी सहा महिने हेच वाक्य वापरत होतो आणि लोक माझ्या डोक्याकडे कौतुकानं का बघतात ते कळत नव्हतं. म्हणायचं असतं 'आय गॉट माय हेअर कट': आधी वस्तू, मग तिचं काय करवून घेतलं ते. घर रंगवलं, गाडी दुरुस्त केली, दात काढला, सगळीकडे हाच साचा. विशेषतः दाताच्या बाबतीत.

दुसरी जागा 'टू'ची. 'आय गेट टू गो' म्हणजे मला जायला मिळतं, आनंद आहे. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जावं लागतंय. बोलताना 'हॅव' गिळला जातो, 'गॉट टू'चा 'गॉटा' होतो; 'जायला मिळालं' यालाही 'गॉट टू गो'च म्हणतात, त्यामुळे संधी की सक्ती हे नुसत्या शब्दांवरून कळेनासं होतं. चेहरा बघा.

'आय विल गेट बॅक टू यू' हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. अर्थ सरळ आहे, बघून कळवतो. कधी, ते त्यात नसतं. मी एकदा त्याच्या भरवशावर चार आठवडे फोन उशाशी घेऊन झोपलो. तिथल्या तिथे, हसून, 'बाय व्हेन?' विचारायचं, कुणी रागावत नाही. आणि तुमची आनंदाची बातमी ऐकून कुणी 'गेट आउट ऑफ हिअर!' असं ओरडलं तर दाराकडे वळू नका. 'काय सांगतोस!' एवढंच ते.

देशानुसार थोडा फरक पडतो. दोघांचं पटतं, हे ब्रिटिश माणूस 'गेट ऑन' म्हणून सांगेल, अमेरिकन 'गेट अलाँग' म्हणून. अमेरिकेत 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. ब्रिटनमध्ये बहुतेक लोक दोन्हीकडे 'गॉट'च म्हणतात. 'गॉटन'ला अमेरिकन अडाणीपणा समजणारे भेटतील. वाद घालू नका, पण ते रूप इंग्लंडातूनच तिकडे गेलेलं, जुनं आहे.

लिहिताना मात्र जपून. अर्जात, तक्रारीच्या पत्रात 'रिसीव्ह' आणि 'ऑब्टेन' शोभतात. पण सहकाऱ्याला 'आय ऑब्टेन्ड युअर ईमेल' असं लिहिलंत, तर त्याला वाटेल तुम्ही तो कुठूनतरी खटपटीनं मिळवलात. मला तसंच विचारलं गेलं होतं: "फ्रॉम हूम?"